अकरावं रीळ

अकरा आणि बारा नंबरच्या रिळांचे डबे थिएटरच्या ऑपरेटरने तिसऱ्यांदा उघडून पाहिले. अकराच्या डब्यात अकराच होतं, बाराच्या डब्यात बाराच. कुठेच चूक नव्हती, आणि त्यामुळेच त्याला घाम फुटला होता.

"काका, किती तपासाल?" मॅनेजरबाई दारातून म्हणाली. ती त्याच्या मुलीपेक्षाही लहान होती. "हाउसफुल्ल आहे. चाळीस वर्षांनी हा पिक्चर मूळ सत्तर एमएमच्या प्रिंटवर लागतोय. मला तर ती फिल्म हातात धरायचीसुद्धा भीती वाटते."

"धरायला सोपी आहे. क्रम तेवढा सांभाळावा लागतो," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

चार बोटं रुंद फिल्म, बारा रिळं, दोन मशीनं. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसऱ्यावरचं सुरू करायचं. हे काम येणारं गावात आता कोणी उरलं नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतर पाच वर्षांनी त्याला घरून बोलावून आणलं होतं.

हाच चित्रपट, हेच थिएटर. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्याच खेळाला त्याने घोटाळा केला होता. डब्यांवरच्या सुटलेल्या चिठ्ठ्या त्याने घाईत चिकटवल्या आणि अकराच्या जागी बारावं रीळ लागलं. खरं तर शेवटच्या रिळात नायिका नवऱ्याचं घर सोडते, नावेत बसते आणि मागे वळून बघत नाही. पडद्यावर अवेळी नाव दिसली आणि चूक त्याच्या लक्षात आली. समाप्तीची अक्षरं यायच्या आधीच त्याने अंधार केला आणि राहिलेलं अकरावं रीळ सुरू केलं. त्यात ती दवाखान्यातून घरी येते, पिशवी खाली ठेवते, नवऱ्याचं ताट वाढते. पडदा तिथेच पडला. लोकांना वाटलं, बाई गेली खरी, पण शेवटी परत आली. कोणी ब्रसुद्धा काढला नाही. पुढच्या खेळाला त्याने क्रम सुधारला.

पण पहिल्या खेळाला बाल्कनीत त्याची ताई बसली होती.

त्या सकाळी ती अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्याकडे आली होती. मनगट सुजलेलं. "आता त्या घरात पाऊल टाकणार नाही," म्हणाली होती. तिचं मन जरा रमावं म्हणून त्यानेच तिला थिएटरात आणून बसवलं. संध्याकाळी तो घरी गेला तर ताई नव्हती. नवऱ्याकडे परत गेली होती. का गेली, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायचं काय? रीळ त्यानेच लावलं होतं.

भावोजी पुढेही तसेच राहिले. ताईकडे जेवायला बसला की तो ताटावरून लवकर उठे.

आणि काल तिचा फोन आला होता. "मला एक तिकीट ठेव रे. शेवट बघायचाय मला."

खेळाच्या आधी ती धापा टाकत जिना चढून वर आली.

"अजून या खुराड्यातच का तू?"

"भावोजी नाही आले?"

"त्यांना कुठे सांगतेय! दात दाखवायला जाते म्हटलं." ती हसली. "तोंड का असं? गणिताचा पेपर असल्यासारखं?"

"ताई, शेवट काही खास नाही. मध्यंतरात उठलीस तरी चालेल."

"वा! आपल्याच दुकानातला माल वाईट म्हणणारा तूच पहिला. मी हलणार नाही. शेवटपर्यंत बसणार."

'त्या दिवशी माझ्याकडून', एवढं त्याच्या ओठांवर आलं. तेवढ्यात घंटा झाली आणि ताई जिना उतरून गेली.

दहा रिळं बिनचूक गेली. प्रिंटचे रंग लालसर झाले होते, पण नदीवरची लाट न् लाट वेगळी दिसत होती. त्याने अकरावं रीळ उचललं. आज ताई ती नाव अगदी शेवटी बघणार. ती बाई कधी परत आलीच नव्हती, परत गेलो ते आपणच, हे तिला अडुसष्टाव्या वर्षी कळणार. आणि कशामुळे? भावाच्या धांदरटपणामुळे.

त्याने अकरावं खाली ठेवलं. बारावं लावलं.

नाव आली. अक्षरांच्या आधी अंधार. मग अकरावं. बाईने ताट वाढलं. पडदा पडला.

दार धाडकन उघडलं. "काका, रिळं मागेपुढे झाली! खाली दोघं-तिघं माझ्याशी भांडून गेले. केवढ्या कौतुकानं बोलावलं तुम्हाला!"

"वय झालं गं. चुकलो," तो मान खाली घालून म्हणाला. चाळीस वर्षं कमावलेलं नाव मातीत गेलं होतं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. कोणी ताईच्या कानावर घालायच्या आत त्याने तिला बाजूच्या दाराने बाहेर काढलं.

ताई डोळे पुसत होती. "बरं झालं आले. तेव्हा बघायचा राहूनच गेला होता."

"राहून?"

"मध्यंतरातच हे दारात येऊन उभे राहिले, पोरीला कडेवर घेऊन. पोर तापाने फणफणलेली. तशीच उठून गेले. पण चाळीस वर्षं मनात होतं, त्या बाईनं पुढे काय केलं असेल?"

तो भिंतीला टेकला.

"लेकीनं कायमचं बोलावलंय मला. आज रात्रीच्या गाडीचं तिकीट पाठवलंय. माझ्या मनाचा काही धडा होईना. म्हटलं, आधी शेवट बघू, मग ठरवू." तिने पर्समधून तिकीट काढलं, शांतपणे फाडलं आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. "फिरून फिरून शेवटी घरीच आली की रे ती. चल, मला सोड. यांची जेवायची वेळ झाली."