हलका हातोडा

"हात सरळ समोर धरा," रोहिदासशेठ म्हणाले. "थरथरला की समजायचं, त्यो हातोडा आपला न्हाई."

विजयश्रीताईंनी हात समोर धरला. तो लगेच थरथरला. रविवारची सकाळ होती आणि चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, नाहीतर साठी उलटलेल्या बाईला हातोडा विकण्यात एवढा वेळ कोण घालवतो! शेठनी तो परत घेतला आणि गवंडीकामाचा एक पुढे केला. तो पेलत होता, पण ताईंनी मान हलवली.

"मला दगड फोडायचाय हो. विटा नाही."

"मग आधी न्हाई का सांगायचं?" शेठ स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं काढून खाली आले. कॉलेजची पोरं खडक बघायला जाताना नेतात तसला हातोडा. एका बाजूला चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला टोक, डोकं आणि दांडा एकाच पोलादाचा, मुठीला निळं रबर. त्या जातीतला सगळ्यात हलका. ताईंनी हात समोर धरला. हात तसाच राहिला.

"मालकांसाठी घेताय जणू?"

"मालक पावसाळ्याआधीच गेले. त्यांचा हातोडा मला उचलत नाही."

शेठ गुंडाळायला कागद शोधू लागले.

"गुंडाळू नका," ताई म्हणाल्या. "समोरच जायचंय."

समोर, रस्त्यापलीकडे, एका गोदामाचा पाया खणणं चाललं होतं. पोकलेन रविवारीही थांबलेला नव्हता, आणि खड्ड्याच्या कडेला काळ्या डबराचा ढीग पडला होता. लोक सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जातात. शेखरराव आणि विजयश्रीताई पिंपळे सौदागरहून स्कूटरवर असले खड्डे शोधत यायचे. सोसायटीत हसायचे त्यांना. पण या काळ्या दगडाच्या पोटातल्या पोकळीत कधी कधी पांढऱ्या, गुलाबी गारगोट्या निघतात, आणि एकदा निघाली की माणूस कामातून गेला. दगड निवडायचा ताईंनी, फोडायचा शेखररावांनी. आकाराच्या मानाने हलका लागला की ताई म्हणायच्या, हा पोकळ आहे. बहुतेकदा तो पोकळ असायचा.

रस्ता ओलांडून आजही त्यांनी ढिगातून नारळाएवढा एक दगड निवडला. सपाट धोंड्यावर ठेवला, एका हाताने धरला आणि हातोडा उगारला. पहिला घाव धोंड्यावर बसला. दुसरा दगडावरून निसटला. तिसरा बोटावर. त्या बोट तोंडात धरून बसल्या आणि स्वतःवर चिडल्या.

पोकलेनचा ड्रायव्हर बंटी तंबाखू मळायला खाली उतरला होता. तो जवळ आला.

"मावशी, डोळे झाकून कोण हाणतंय दगडाला?"

"मी डोळे झाकले?"

"तिन्ही वेळी. बघायलोय की मी तिथून."

ताईंना खरंच ठाऊक नव्हतं. "घाव घालायच्या आधी आमचे हे म्हणायचे, डोळे मीट, कपच्या उडतात," त्या म्हणाल्या. "मी मिटायचे. उघडले की दगड फुटलेला असायचा."

"म्हंजे फुटताना कधी बघितलाच न्हाई?"

"नाही."

एवढ्या वर्षांत हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आणा इकडं. मी देतो फोडून," म्हणत बंटीने हात पुढे केला. पोरगा भला होता. देऊन टाकणं सोपं होतं. पण आज दिला की पुढच्या रविवारीही कुणाचा तरी हात शोधावा लागणार, आणि ज्या रविवारी तो मिळणार नाही त्या रविवारी घरी बसावं लागणार. घरी बसून काय होतं ते त्यांनी या पावसाळ्यात पाहिलं होतं. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला त्या उलट उत्तरं द्यायला लागल्या होत्या. भीती वाटली होती त्यांना स्वतःची.

"नको," त्या म्हणाल्या. "मीच फोडते."

तेवढ्यात सुपरवायझरने शिट्टी मारली. बंटी पळत जाऊन केबिनमध्ये चढला, आणि पुन्हा धडधड सुरू झाली.

ताईंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला. हातोडा उगारला की पापण्या आपोआप खाली यायच्या. त्यांनी त्या हट्टाने वर धरल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी धरल्या. लहान लहान घाव, दगड फिरवत, सगळ्या बाजूंनी. एक कपची चष्म्यावर येऊन आपटली. त्या दचकल्या, पण बघत राहिल्या. मग दगडावर केसाएवढी रेघ उमटली, बघता बघता पलीकडे गेली, आणि दगडाची दोन भकलं झाली. आत दाट पांढऱ्या सुया होत्या आणि त्यांच्या मधोमध एक हिरवट खडा, नुकता धुतल्यासारखा स्वच्छ.

"अहो, फुटताना दिसला!" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि वळल्या. मागे नुसतं डबर होतं.

कुणाला तरी दाखवायलाच हवं होतं. दोन्ही हातांत दोन भकलं घेऊन त्या उठल्या आणि पोकलेनकडे निघाल्या. "बंटी! अरे बंटी, हे बघ!" त्यांनी भकलं डोक्यावर उंच धरली. इंजिनच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू येईना.

काचेआडून बंटीने त्यांना पाहिलं आणि हात जोरजोरात हलवला. मावशी, बाजूला व्हा.

त्या बाजूला झाल्या. त्याने अजून मागे व्हायची खूण केली. भकलं तशीच वर धरून त्या अजून मागे सरकल्या.