नकाराची सोय

तिसऱ्यांदा पत्र वाचून सुमंतांनी ‘विनंती’ खोडलं आणि ‘विचारणा’ लिहिलं. विनंती नाकारताना माणसाला थोडं तरी अवघडल्यासारखं होतं. विचारणेला नुसतं ‘नाही’ म्हटलं की भागतं.

शिकागोच्या उपनगरातल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून ते आपल्या राजदूतबाईंना वॉशिंग्टनच्या वकिलातीत लिहीत होते. सुमंत एका चिमुकल्या युरोपीय देशाचे मानद कॉन्सल. मानद म्हणजे बिनपगारी. नव्वदच्या दशकात त्यांनी तिथे पंपांचा कारखाना उभारून दिला होता. ती जाण ठेवून त्या लोकांनी त्यांना दाराशी लावायला एक पितळी पाटी दिली. अख्ख्या देशाची वस्ती नागपूरच्या निम्मी भरेल की नाही, शंकाच. बावीस वर्षांत हरवलेले पासपोर्ट, दोन शवपेट्या आणि दर राष्ट्रदिनाला रत्नाच्या हातचे बटाटेवडे, एवढाच काय तो कारभार.

आणि मग शनिवारी टोमासला उचललं.

टोमास त्या देशाचा नागरिक आणि वल्लरीचा नवरा. वल्लरी नागपूरची, सॉफ्टवेअरमधली. लग्नाच्या वेळी तिच्या आईबाबांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा कन्यादान सुमंत आणि रत्नानेच केलं होतं. टोमासच्या व्हिसाची मुदत संपलेली, नवा अर्ज कुठेतरी पडून. इमिग्रेशनच्या लोकांनी ऑफिसच्या पार्किंगमधून त्याला नेलं, गाडी तिथेच, दार उघडं. आता दोन तासांवरच्या एका डिटेन्शन सेंटरमध्ये होता आणि शुक्रवारी त्याला टेक्सासला हलवणार होते.

“तिकडे गेला की केस हातातून गेली,” टोमासची वकीलबाई म्हणाली होती. “त्याआधी त्याच्या देशाचा कॉन्सल स्वतः गेला, त्याला भेटला, लेखी हरकत नोंदवली, तर थांबवायची आशा आहे.”

या भागात नोंद असलेला कॉन्सल म्हणजे एकटे सुमंत. मात्र वॉशिंग्टनच्या वकिलातीला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, असा नियम.

म्हणून सुमंत विचारत होते. त्यांनी लिहिलं, आपल्या परराष्ट्र धोरणाचे अग्रक्रम मी जाणतो. शेजारी बलाढ्य, तेव्हा सीमेवर अमेरिकेची फौज राहिली पाहिजे, हा पहिला. त्यासाठी ही मैत्री कशानेही दुखावू नये, हा दुसरा. पुढच्या महिन्यात आपले मंत्री इथे येत आहेत. अशा नाजूक वेळी एका व्यक्तीसाठी...

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मुत्सद्देगिरीत अर्धं वाक्य समोरच्याने पुरं करायचं असतं.

रत्ना चहाचा कप ठेवता ठेवता खांद्यावरून वाचत होती. “अहो, यात मागितलंय काय? मला तर काहीच कळलं नाही.”

“डिप्लोमॅटिक भाषा असते ती.”

“वडे संपले की अजून मागताना बरी साधी भाषा येते तुम्हाला.”

सुमंत हसले नाहीत. त्यांनी पत्र पाठवून दिलं.

त्याच सेंटरच्या फाटकावर गेल्या महिन्यात शशिकांत गेला होता. त्यांचा जुना मित्र, पस्तीस वर्षांपासून अमेरिकन नागरिक, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. त्याच्या माळ्याचा भाऊ आत होता, म्हणून माळ्याच्या बायकोला सोबत करायला गेला. तीन तास त्याला एका खोलीत बसवून ठेवलं. जन्म कुठला, कागद कधी मिळाले, त्याआधी कुठे होतात. मग सोडलं. सॉरी नाही, काही नाही. तेव्हापासून शशिकांत घराबाहेर पडलेला नाही. आणि सुमंत डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी आणायला जातानाही पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवतात. रत्नाला सांगतात, कॉन्सलने ठेवावा लागतो.

फोन वाजला. वल्लरी.

“काका, मेल गेला?”

“आत्ताच गेला.”

“ते हो म्हणाले तर उद्या सकाळी सहाला निघू या? मी ड्राइव्ह करते. तुम्ही फक्त आत जा, बाकी काही करू नका. त्याची बीपीची गोळी पण द्यायचीय, यार, पाच दिवस झाले.”

“बघू. दोन दिवस लागतात त्यांना उत्तर द्यायला.”

“दोन दिवसांनी शुक्रवार आहे, काका.”

उत्तर वीस मिनिटांत आलं. राजदूतबाईंनी स्वतः लिहिलं होतं. मध्ये सेक्रेटरी नाही, ‘आदरणीय महोदय’ नाही.

“सुमंत, मला नकार देता यावा म्हणून तुम्ही चांगली तीन कारणं शोधलीत. आभारी आहे, पण एकही नको. आम्ही मुळात मोजके. आम्हाला एक माणूससुद्धा पुष्कळ असतो. मंत्र्यांशी बोलले आहे. अमेरिकेला राग आला तर आमचं आम्ही पाहू. उद्या सकाळी जा आणि आमच्या मुलाला भेटा.”

सुमंतांनी ते एकदा वाचलं. मग सावकाश, अक्षर न् अक्षर पुन्हा वाचलं. कुठे एखादा ‘शक्य असल्यास’ सापडतो का, ते पाहिलं. नव्हता.

स्वयंपाकघरात रत्ना डबा भरत होती, टोमाससाठी. आत नेऊ देणार नाहीत हे तिलाही माहीत होतं.

फोन पुन्हा वाजला. सुमंतांनी लॅपटॉप मिटला.

“काका? आलं का काही?”

“आलं गं.”

“काय म्हणाले?”



“छोटा देश आहे, बेटा,” ते म्हणाले. “घाबरतो.”