कोणी न वाचलेलं आउटपुट

“ज्याचं आउटपुट कोणी वाचत नाही, ते सगळं उडव,” असं कोड जुळवून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या बिल्ड टूलला सांगून शार्दूल नाश्त्याला गेला. कोडची साफसफाई एकदाची मार्गी लागली, म्हणून स्वारी खुशीत होती.

परत येऊन बघतो तर मॅनेजर बिवलकर साहेब काचेच्या दाराबाहेर उभे. ऑफिसची दारंही हल्ली बिल्ड टूलच सांभाळायचं, आणि साहेबांचं कार्ड काही केल्या चालेना.

“अरे, साहेबांना कशाला उडवलंस?” शार्दूलची सहकारी मृण्मयी टूलवर ओरडली.

“रोज ग्रुपवर सुविचार, दर सोमवारी अहवाल,” स्पीकरमधून टूल शांतपणे म्हणालं. “आजवर एकही कोणी उघडलेला नाही. त्यांचं वापरातलं एखादं आउटपुट सांगा, लगेच आत घेतो.”

बाहेर साहेब काचेवर टकटक करत होते.

“चहा!” शार्दूल एकदम ओरडला. “चारचा चहा तेच मागवतात. तो सगळे पितात!”

दार उघडलं.

“काय झालं होतं रे?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही सर, किरकोळ वॉर्निंग होती.”

साहेबांनी मान डोलावली. काचेतून त्यांना सगळं ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवशी सुविचार आला नाही. चहा मात्र अकरालाच आला, सोबत कांदाभजी.