टेबलफॅनचा कौल

“देवाचा कौल ना? आत्ता काढून देतो!” दिनेश बोलला. पाड्यावर पाणी नाय, म्हणून बोअर मारायला गाडी आलेली. जागा गावदेव सांगणार होता. यमाजी भगतानं देवाच्या कपाळाला ओलं फूल चिकटवलं. उजवीकडं पडलं तर आंब्याखाली, डावीकडं पडलं तर उंबराखाली. पण फूल पडतच नव्हतं आणि गाडीवाला हॉर्न मारत होता. दिनेशनं टेबलफॅन आणला. “देवाचा टाइम देवाला ठरवू दे रे!” भगत ओरडला. “तोवर बाया मेल्या हंडे वाहून!” म्हणत दिनेशनं फॅन लावला. प्लग डावीकडं होता, म्हणून फॅनही डावीकडंच लागला आणि फूल उजवीकडं उडालं. आंब्याखालच्या बोअरमधून नुसती धूळ निघाली. “देवानं फसवलं!” दिनेश बोलला. “देवानं नाय, प्लगनं!” पाण्यासाठी थांबलेल्या रुपावहिनीनं रिकामा हंडा आपटला. गाडीवाल्यानं वैतागून गाडी मागं घेतली. मागचं चाक उंबराखाली रुतलं आणि खड्डा पाण्यानं भरला. गाडी अजून तिथंच आहे.