उतरतं वजन

आबांचं हृदय थकलं होतं. दवाखान्यानं घरी एक वजनकाटा दिला होता. रोज सकाळी त्यावर उभं राहिलं की आकडा थेट नर्सबाईंना दिसायचा. वजन वाढलं, म्हणजे अंगात पाणी साठलं, की दारात गाडी हजर! दवाखान्याच्या नुसत्या नावानं आबांना धडकी भरायची. पण गडी पडला बेरकी. आजी अंगापिंडानं अगदी त्यांच्याच तोलाची. मग काय, रोज काट्यावर आजीच.

"अहो, पकडले जाल एक दिवस!"

"गप उभी राहा. हलू नकोस, आकडा बिघडेल."

नर्सबाई फोनवर खूश. "छान हो आबा, वजन उतरतंय."

"बघ," आबा आजीकडे बघून डोळे मिचकावायचे, "न जाताच बरा झालो!"

आज मात्र नर्सबाईंचा आवाज बदलला होता. "आबा, हे नुसतं पाणी नाही. वजन असं झरझर उतरणं चांगलं नव्हे. अन्न जातंय ना पोटात?"

आबांनी वळून पाहिलं. आजी भिंतीला धरून काट्यावरून उतरत होती.



"बाई, गाडी पाठवा," आजीला सावरत आबा म्हणाले. "न्यायचं मला नाही... हिला आहे."