वहीचा प्रश्न

“पाच मिनिटं घ्या, नीट वाचा, मग बोला,” असं म्हणत मास्तरांनी तोच कागद दिवसभरात आठव्यांदा टेबलावरून पुढे सरकवला.

मास्तर हे त्यांचं ऑफिसातलं नाव. सॉफ्टवेअर कंपनीच्या सल्लागार विभागाचे ते प्रमुख. गेली नऊ वर्षं येईल त्या उमेदवाराला ते एकच प्रश्न घालत आले होते, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

कागदावरची हकिकत खरी होती. एका मोठ्या रुग्णालयात कंपनीनं औषधांच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर बसवलं. ते एकदाही बंद पडलं नाही. तरीही नर्स गुपचूप वहीत नोंदी करत राहिल्या आणि ड्यूटी संपताना त्या एकदम संगणकावर चढवू लागल्या. पहिली नोंद वहीतच राहिल्यानं एका पेशंटला एकच इंजेक्शन दोनदा मिळता मिळता राहिलं, आणि रुग्णालयानं करार मोडला. खाली एकच ओळ होती. नर्सनी वही का सोडली नाही?

ते काम मास्तरांच्याच हातचं होतं, हे शेजारी बसलेल्या तरुण प्रोग्रामरला माहीत नव्हतं. आता तेच रुग्णालय पुन्हा सॉफ्टवेअर घ्यायला निघालं होतं. “या वेळी माणूस नीट निवडा,” डायरेक्टरांनी बजावलं होतं. “पुन्हा तोंडावर पडलो तर तुम्हीही घरी आणि मीही.”

सकाळपासून सात जण येऊन गेले होते. एक म्हणाला, प्रशिक्षण कमी पडलं. एकानं बोर्डावर बाण काढून बदलाची भीती समजावली. टाय बांधून आलेल्या एकानं तर वह्या जप्त करण्याचा नियम सुचवला. मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आठवी उमेदवार चाळिशीला टेकलेली बाई होती. एका लहान कंपनीत चार वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम, एवढंच मास्तरांनी तिच्या अर्जात पाहिलं होतं. अर्जाचं दुसरं पान उलटायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. तिनं कागद वाचला. पाच मिनिटं घेतली नाहीत.

“हात धुतलेले असतात, किंवा हातात मोजे असतात,” ती म्हणाली. “स्क्रीन दोन मिनिटांत आपोआप बंद होते. पुन्हा उघडायची तर मोजे काढा, पासवर्ड टाका, मोजे घाला. एका फेरीत तीस पेशंट. म्हणजे तीस वेळा हाच खेळ.”

“पण स्क्रीन बंद व्हायलाच हवी,” प्रोग्रामर म्हणाला. “कोणीही येऊन नोंद बदलली तर?”

“अगदी बरोबर. कुलूप हवंच. पण किल्ली कमरेला हवी, तिजोरीत नको.” ती उठून बोर्डापाशी गेली. नर्सच्या गळ्यात ओळखपत्र असतंच. ते टेकवलं की स्क्रीन उघडेल आणि थेट त्याच पेशंटवर उघडेल, असं तिनं आकृती काढून दाखवलं. प्रोग्रामरनं तिला कोंडीत पकडायला चार प्रश्न टाकले. ओळखपत्र हरवलं तर? नेटवर्क गेलं तर? दोघींनी एकच कार्ड वापरलं तर? जुन्या नोंदींचं काय? तिनं चारही प्रश्न शांतपणे सोडवले. शेवटच्या उत्तराशी तर प्रोग्रामरच खडू घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि तिची आकृती पुढे वाढवू लागला.

मास्तर मात्र आपलाच कागद पुन्हा वाचत होते. दोन मिनिटांची ती मर्यादा त्यांनीच घातली होती, स्वतःच्या खुर्चीत बसून, कोरड्या हातांनी. आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नव्हती.

“दोन मिनिटं,” ते सावकाश म्हणाले. “हे तुम्हाला कुठून कळलं?”

“मी तिथंच होते, सर. तिसऱ्या मजल्यावर, सहा वर्षं. त्या मजल्यावरची वही मीच सुरू केली.” तिनं हातावरचा खडू झटकला. आवाजात ना माफी होती ना तोरा. “ते इंजेक्शनही माझ्याच पाळीत होतं. दुसऱ्यांदा द्यायला निघाले आणि पेशंटनंच हात धरला. त्या दिवशी ठरवलं, हे यंत्र आतून शिकायचं. रात्रपाळ्या घेतल्या, दिवसा क्लास केला. सगळं दुसऱ्या पानावर लिहिलंय.”

मास्तरांनी पान उलटलं. रुग्णालयाचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

मास्तरांनी पेन उचललं, तिच्या अर्जाच्या कोपऱ्यात ‘नेमणूक करावी’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. बाहेर आणखी दोन उमेदवार बसले होते. त्यांना दुसऱ्या जागेसाठी बोलवा, असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला.

“पहिल्या तारखेपासून या,” ते म्हणाले. “पहिलं काम तिथलंच आहे.”

“येते.”

ती पिशवी उचलून दारापर्यंत गेली. मास्तरांना राहवलं नाही. नऊ वर्षांत शेकडो माणसांच्या तोंडून त्यांनी वहीच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं.

“बाई, एवढं सगळं माहीत होतं, तर तेव्हाच का नाही सांगितलंत?”

ती वळली. तिला खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं.

“तेव्हा आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं, सर.”