अंगठा नको

"अंगठा नको. अंदाजानं बसवतो," रावजी म्हणाले आणि त्यांनी प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनात सरकवला.

अक्षया शेजारी उभी राहून बघत होती. हा सलग तिसरा दिवस. वडिलांनी टोपण लावलं, वायरी जोडल्या, आत बसून चावी फिरवली. एकोणसत्तर सालची फियाट घरघरली, कार्बोरेटरमधून एकदा फट्ट करून शिंकली आणि गप्प झाली.

"आज काही ही ऐकत नाही. तुझी संध्याकाळची गाडी पण गेलीच म्हणायची," रावजी म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेले. जाताना ते चक्क शीळ घालत होते.

अक्षया सोमवारी मुंबईहून आली होती, दोनच दिवसांसाठी. ती आली तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि डिस्ट्रिब्युटर काढून फडक्यावर ठेवलेला होता. साफ करतोय, असं रावजी म्हणाले. लेकीला स्टेशनवर सोडायचं ते फियाटनंच, रिक्षानं नाही, हा त्या घरचा दंडक. सासरी पाठवणीसुद्धा ह्याच गाडीतून झालेली. त्यामुळे तिचाही पाय निघेना. तिकीट तिनं दोनदा बदललं होतं.

शिवाय ती नुसती भेटायला आली नव्हती. भावानं, संदेशनं तिला कामगिरीवर धाडलं होतं. "बाबा शहात्तरचे झाले. एकटेच असतात. विसरायला लागलेत का ते नीट बघ. लागले असतील तर घराला कुलूप लावून त्यांना इकडे आणू. तू सांगशील ते नक्की." आणि बाबा तर डोळ्यांदेखत विसरत होते, तेही हे.

रावजींचं नाचणे गावच्या रस्त्याला चाळीस वर्षं गॅरेज होतं. इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा दाबत, एकदा धूर बाहेर ढकलत. ठिणगी पडायला हवी ती हवा दाबताना. ती वेळ ओळखायची रावजींची रीत एकच. पहिला प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं समोरून हँडल फिरवायचं. हवेनं अंगठा ढकलला की ओरडायचं, "आली!" मग आत फिरणाऱ्या रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडे करून डिस्ट्रिब्युटर बसवायचा. शाळा सुटल्यावर तो अंगठा अक्षयाचा असे. तिच्या ओरडण्याशिवाय रावजी पाना उचलत नसत. अंदाजानं बसवणाऱ्या कामगाराला त्या दिवशी चहा मिळत नसे. असा माणूस आज अंगठा नको म्हणत होता, आणि तिला त्या उघड्या बॉनेटपाशी रडू येत होतं. संदेशला काय सांगायचं ते तिनं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात शेजारचा बाळा फणस घेऊन घरापुढच्या खळ्यात आला. दोन पोरांचा बाप, पण रावजींच्या गाडीभोवती अजून घुटमळायचा. "आईनं दिलान," तो म्हणाला.

"बाळा, जरा हँडल मार."

तिनं प्लग काढला आणि भोकावर अंगठा दाबला. बाळानं हँडल फिरवलं. एक फेरा कोरडा गेला. दुसऱ्याला हवेनं अंगठा खालून ढकलला.

"आली!" ती ओरडली. कितीतरी वर्षांनी.

तिनं डिस्ट्रिब्युटरचं टोपण उचललं. रोटरचं तोंड थेट उलट्या बाजूला होतं. अंदाजानं बसवलेला डिस्ट्रिब्युटर एखाददुसऱ्या दात्यानं चुकतो. हा बरोब्बर अर्धा फेरा उलटा होता, एका दात्याचाही फरक नाही. तिनं तो उपसला, रोटर फिरवला आणि नीट बसवला. आता फक्त प्लग लावून चावी मारायची होती.

"पण झालं काय हिला?" बाळा हात पुसत म्हणाला. "रविवारी तर काका नि मी हिच्यातनं आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याला जाऊन आलो. चढावाला कुरकुर नाही की काय नाही."

"ह्या रविवारी?"

"ह्याच गो. तू येणार म्हणून काका काय खूश होते."

अक्षया कितीतरी वेळ त्या डिस्ट्रिब्युटरकडे बघत राहिली. बाळा गेला. खिशातला फोन वाजला. संदेश होता.

"बोल, काय ठरलं? बाबांसाठी खोली रिकामी करू का?"

"नको," ती म्हणाली. "बाबा काही म्हणजे काही विसरलेले नाहीत. आपणच विसरलोय. चौदा महिन्यांनी आले मी इथं. तू कधी आलास?"

तिनं फोन ठेवला. न्हाणीघराचं दार वाजलं. तिनं घाईघाईनं डिस्ट्रिब्युटर पुन्हा उपसला, रोटर अर्धा फेरा फिरवला आणि परत खाली सरकवला.

रावजी केस पुसत आले आणि तिचे काळे झालेले हात पाहून थबकले. त्यांचा चेहरा उतरला.

"तू बसवलास? झाली सुरू?"

"कुठली होतेय. रविवारपर्यंत तरी काही होत नाही, बाबा. रजा वाढवते."

रावजी वाकले. उघड्या डिस्ट्रिब्युटरमधल्या, अजून उलट्याच तोंडाच्या रोटरकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं, मग लेकीच्या अंगठ्यावर उमटलेल्या प्लगच्या भोकाच्या गोल वळाकडे. टॉवेलानं तो अंगठा त्यांनी हलक्या हातानं पुसला.

"आता कसा बरोबर बसला," ते म्हणाले.